कोकणात लॉन लावायचं तर आधी कुदळ मारून बघा

गुहागर तालुक्यात माझी रोपवाटिका आहे. नवं घर बांधलं की पुण्या-मुंबईची मंडळी येतात, मोबाइलवरचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, "अस्सं लॉन पाहिजे." मी विचारते, अंगणात कुदळ किती खोल जाते? बहुतेकांनी ती मारून बघितलेलीच नसते.

पुण्यात वर्षाला जेमतेम ७००-७५० मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे ३०००च्या आसपास, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे तिकडचं वेळापत्रक इथे चालत नाही. इथे चार महिने गवत पाण्यापासून वाचवायचं आणि आठ महिने पाणी घालून.

वीतभर खणा. खाली कातळ लागला तर निदान १५ सेंटिमीटर माती भरावी लागेल. ती इथलीच तांबडी घ्या, चाळून, कुजलेलं शेणखत मिसळून. घाटावरून काळी माती आणायचा मोह आवरा. ती पावसात चिकट होते, पाणी धरून ठेवते आणि तिच्याखालच्या जांभा खडकात मुळं उतरतच नाहीत. भरावाला समुद्राची वाळूही नको, मिठाने गवत जळतं. बांधकामाचे चिऱ्याचे तुकडे आणि सिमेंटचा राडा आधी उचला.

मीटरमागे दीड-दोन सेंटिमीटर उतार घराच्या उलट बाजूला द्या आणि शेवटी चर काढा. कौलारू घर असेल तर पागोळ्यांखाली गवत लावूच नका, आषाढात तिथे खड्डा पडतो. त्या ओळीत हातभर रुंदीची खडी किंवा जांभ्याचे तुकडे पसरा.

जांभ्याची माती आम्ल असते, सामू (pH) बहुधा ५ ते ६.५. शिवाय लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, ते स्फुरद (फॉस्फरस) बांधून ठेवतात. म्हणून खताची पोती ओतूनही गवत खुरटंच राहतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या आणि चुना त्यांनी सांगितला तेवढाच टाका. शेतीसाठी मिळते ती चुनखडीची पूड घ्यायची, भिंतीला लावायचा चुना नाही. ती उन्हाळ्याच्या शेवटी मिसळा. चुना आणि युरिया एकत्र कधीच नको, दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. युरिया भर पावसात टाकला की थेट वहाळात जातो. नवरात्राच्या सुमारास, चौरस मीटरला १० ग्रॅमच्या आत, आणि टाकल्यावर लगेच पाणी.

गवत कोणतं? उघड्या उन्हात हरळी. ती उन्हाळा काढते, खारा वाराही बराचसा सोसते. फक्त ती फुलझाडांच्या वाफ्यात घुसते, म्हणून कडेला चिरे पुरून घ्या. एक पट्टा न कापता सोडलात तर गणपतीला दूर्वा घरच्याच. माडाखालच्या सावलीत रुंद पानांचं कार्पेट ग्रास. त्याला आम्ल माती मानवते, पण उन्हाळ्यात पाणी लागतं. अगदी समुद्रासमोर, पुळणीत, खारं सोसणारं पास्पॅलम गवत. फोटोतलं ते मऊ मेक्सिकन मी सहसा देत नाही, पाणी साचलं की बुरशी धरते.

लागवड गणपतीनंतर, पावसाचा जोर ओसरला की. जूनमध्ये लावलेली रोपं मातीसकट वाहून जातात.

हापूसच्या कलमाखाली लॉन करू नका. पाऊस संपल्यावर कलमाला ताण बसला तरच मोहोर येतो. तुम्ही गवतासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोज पाणी मारलंत तर झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. मग मे महिन्यात गिऱ्हाईक मला विचारतं, शेजाऱ्याला आंबे, मला का नाहीत? बुंध्यापासून फांद्यांच्या टोकापर्यंतची जागा मोकळी ठेवा, पालापाचोळा पडू द्या.

पावसाळ्यात उघाड मिळेल तेव्हा कापा, पातं धारदार हवं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. मार्चपासून गवत चार-पाच सेंटिमीटर राहू द्या. पाणी रोज शिंतोडे मारण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी पहाटे भरपूर. मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ झालं तर पात्यांची टोकं करपतात. अशा वेळी गोड्या पाण्याची एक चांगली पाळी द्या. विहीरच आटत आली असेल तर गवत वाळू द्या. हरळी पावसात परत फुटते.

पावसाळ्यात एखादा चट्टा सुकला आणि ओढल्यावर सतरंजीसारखा उचलला गेला, तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी आहे. अळ्या वेचून टाका, मेटारायझियम ही बुरशी ओल्या मातीत मिसळा. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी झाडांवर येणारे हुमणीचे भुंगेरे फांद्या हलवून पाडले की त्या पावसाळ्यात अळ्या कमी.

तण हातानेच काढा. लव्हाळ्याची गाठ खाली राहिली तर तो पुन्हा येतो. टाकळा मात्र कोवळा असतानाच उपटा आणि भाजीला घ्या. लॉनवर रासायनिक औषध मारलं असेल तर तेवढं नको.