सीटबेल्ट आणि एअरबॅग: या चुका टाळा

ताशी 50 किलोमीटर वेगातली गाडी भिंतीवर आदळली, की पुढचा भाग साधारण 60 सेंटिमीटर चेपतो आणि तेवढ्या अंतरात केबिन थांबते. बेल्ट लावलेला माणूस केबिनबरोबरच थांबतो. हिशेब केला तर सरासरी 16 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 16 पट), म्हणजे 70 किलोच्या माणसावर सुमारे 1,100 किलोचा भार. बेल्ट नसेल तर गाडी थांबते, माणूस त्याच वेगाने पुढे जातो आणि डॅशबोर्डवर जेमतेम 10 सेंटिमीटरमध्ये थांबतो. अंतर सहापट कमी, म्हणून बळ सहापट. खालच्या बहुतेक चुका हे अंतरच खाऊन टाकतात.

सर्वांत मूर्खपणाची चूक म्हणजे बीप बंद करायला बकलमध्ये खोटी क्लिप खुपसणे. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा काढायला लावल्या, तरी अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात अजून सापडतात. ‘एअरबॅग आहे ना’ हे उत्तर चालत नाही. एअरबॅग 30-40 मिलिसेकंदांत फुगते आणि लगेच रिकामी होऊ लागते. बेल्टने धरलेलं शरीर तिच्यापर्यंत वेळेवर पोचेल, असं गृहीत धरून ती बनवलेली असते. बेल्ट नसलेला माणूस फुगत्या पिशवीवरच जाऊन आपटू शकतो. म्हणूनच छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान 25 सेंटिमीटर अंतर ठेवा.

मागच्या सीटवर बेल्ट कशाला, हा समज महाराष्ट्रात तरी आता राहू नये. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागे बसलेले दोघे दगावले; दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. शिवाय मागचा सुटा माणूस पुढच्या सीटवर आदळून पुढच्यालाही चिरडतो.

बेल्ट लावला, पण कसा? खालचा पट्टा पोटावर नको, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडांवर टेकलेला हवा. हाड भार झेलतं, आतडी आणि यकृत झेलत नाहीत. सीट मागे पाडून झोपलात तर शरीर पट्ट्याखालून सरकतं आणि तोच पट्टा पोटात रुततो. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटाच्या खाली, तिरका पट्टा दोन स्तनांच्या मधून घ्यावा. तिरका पट्टा काखेखालून मात्र कोणीच घेऊ नये.

मांडीवर बाळ घेणं तर हिशेबातच बसत नाही: 16 जीमध्ये 10 किलोचं बाळ 160 किलोचं होतं. कोणत्या आईचे हात ते धरतील? मागे तोंड असलेली चाइल्ड सीट चालू एअरबॅगसमोर कधीही लावू नका. जागा मागच्या सीटवरच. बाळाला चाइल्ड सीटला बांधणाऱ्या हार्नेसचा पट्टा खांद्यावर चिमटीत पकडता आला, तर तो सैल आहे.

डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती एअरबॅगच्या झाकणावर चिकटवू नका. बॅग ताशी 200 किलोमीटरहून अधिक वेगाने उघडते आणि मूर्ती तोंडावर येते. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर तिच्या शिवणीवर ताणलेलं सीट कव्हर नको. बुलबारही (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) नको: धक्क्याचा मार्ग बदलतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकू शकतो.

बेल्ट सोडल्यावर हळूहळू गुंडाळला जातो? पट्टा पूर्ण ओढून कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसा, वरची कडीही पुसा, पूर्ण वाळल्यावरच आत सोडा. तेल नको. झटक्याने ओढल्यावर लॉक झाला नाही, किंवा कडेचे धागे उसवले असतील, तर बदला. उतारावर उभ्या गाडीत लॉक होत असेल तर तो बिघाड नाही. थोडा आत सोडून सावकाश ओढा.

मोठ्या अपघातानंतर प्रीटेन्शनर (धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारा भाग) उडालेला असतो. तो एकदाच चालतो. फक्त बंपर बदलून भागत नाही. जुनी गाडी घेताना इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो का पाहा. लागलाच नाही तर कोणीतरी बल्ब काढलेला असू शकतो. विझला तरी निर्धास्त होऊ नका: उडालेल्या बॅगेच्या जागी रेझिस्टर (सर्किटला बॅग आहे असं भासवणारा छोटा विद्युत भाग) जोडूनही दिवा विझवतात. म्हणून एअरबॅगच्या झाकणांची शिवण आणि बेल्टच्या लेबलावरचं उत्पादन वर्ष गाडीच्या वर्षाशी ताडून पाहा.