मॅटर्निटी लीव्ह कधीपासून घ्यायची? या चुका टाळा

सातवा लागला की घरात डोहाळजेवणाचा दिवस ठरतो आणि ऑफिसात विचारणा सुरू होते, "मग कधीपासून येणार नाहीस?" बहुतेक जणी पटकन एक तारीख सांगून मोकळ्या होतात. कुणी म्हणते, ड्यू डेटच्या आठवडाभर आधी. कुणी म्हणते, नववा लागला की लगेच. पुण्यातल्या एका कंपनीत एचआरचं काम करताना असे अर्ज माझ्या टेबलावरून जात असतात. ही तारीख पंचांग बघून ठरवण्याची गोष्ट नाही. तुमचं काम काय, ऑफिस किती लांब आणि बाळंतपण कुठे, या तिन्हींवरून ती ठरते, आणि पुढेमागे करता येईल अशीच ती ठेवावी लागते.

ड्यू डेट पक्की धरणं

ड्यू डेट म्हणजे लग्नाचा मुहूर्त नव्हे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजले की ही तारीख येते. आज्या "नऊ महिने नऊ दिवस" म्हणतात, डॉक्टर नऊ महिने सात दिवस धरतात. नेमक्या त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाचच. ३७ आठवडे पूर्ण झाले की कधीही नंबर लागू शकतो, आणि पहिलटकरणीचं बाळ कधीकधी तारीख उलटून गेली तरी हलायचं नाव घेत नाही.

पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून डॉक्टरांनी दिलेली तारीख धरा. नंतरच्या रिपोर्टांवर थोड्या वेगळ्या तारखा छापून येतात. त्या बाळाच्या त्या वेळच्या मापावरून काढलेल्या असतात. त्यांच्यामागे रजेचा अर्ज बदलत बसू नका.

ऑफिसशी बोलताना महिने सोडा, आठवडे सांगा. "नववा लागला की" म्हणताना कुणी चार आठवड्यांचा महिना धरतं, कुणी कॅलेंडरचा. दोन हिशेबांत जवळपास तीन आठवड्यांचा फरक पडतो, आणि तुमच्या जागी कुणाला बसवायचं हे ठरवणाऱ्या मॅनेजरसाठी तीन आठवडे पुष्कळ असतात.

२६ आठवडे दोन्हीकडून कापले जातात हे विसरणं

मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही हेच आकडे आहेत. दोन किंवा अधिक मुलं आधीच असतील तर एकूण १२ आठवडे मिळतात, त्यातले आधीचे फार तर ६.

आधीचे आठ आठवडे वेगळे मिळतात असा अनेकींचा समज असतो. तसं नाही, ते याच २६ मधून जातात. समजा ड्यू डेट २० नोव्हेंबर आहे. पूर्ण आठ आठवडे आधी, २५ सप्टेंबरपासून रजा घेतली तर ती २५ मार्चला संपते, तेव्हा बाळ चार महिन्यांचं असतं. दोनच आठवडे आधी, ६ नोव्हेंबरपासून घेतली तर ६ मेपर्यंत चालते आणि बाळ साडेपाच महिन्यांचं होतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यायला डॉक्टर सांगतात, त्यामुळे हे दीड महिने फार मोलाचे आहेत. शिवाय बाळ तारीख उलटून आलं तर तेही दिवस नंतरच्या वाट्यातून जातात.

हा हिशेब कळला की काही जणी उलट्या टोकाला जातात: एकही दिवस आधी वाया घालवायचा नाही, कळा सुरू होईपर्यंत ऑफिस. त्या "वाया" शब्दाशी माझं भांडण आहे. शेवटच्या आठवड्यांत रात्री झोप लागत नाही, दर तासाला उठावं लागतं, कंबर धरते. अशा अवस्थेतून थेट बाळंतपणात आणि तिथून रात्रीच्या जागरणांत जाणाऱ्या बाईला ते दोन आठवडे परत मिळत नाहीत. सगळं नॉर्मल असेल, काम बैठं असेल आणि घर जवळ असेल तर ३७ व्या-३८ व्या आठवड्याच्या सुमारास थांबावं असं माझं मत आहे. जुळं असेल, बीपी किंवा शुगर असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल, तर माझं मत बाजूला ठेवा. डॉक्टर सांगतील तेव्हाच.

काम मोजलं, पण रस्ता मोजलाच नाही

पुण्यातली खरी चूक ही. "माझं काय, खुर्चीवर बसूनच काम," असं म्हणणारी हडपसरहून हिंजवडीला जात असते. कॅबमध्ये एका बाजूचा दीड-दोन तास, वाकडला कोंडी, मध्ये लघवीला थांबायला जागा नाही, आणि गतिरोधक इतके की पोट धरून बसावं लागतं. आठ तासांच्या कामाला बारा तासांचा दिवस होतो. तिच्यापेक्षा कोथरूडमध्ये राहून कोथरूडच्याच शाळेत शिकवणारी बाई आठवडाभर जास्त सहज काम करू शकेल, तीही दिवसभर उभं राहून.

दुचाकीवरून जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. पोट पुढे आलं की तोल बदलतो, आणि पावसाळ्यात पुण्याचे खड्डे पाण्याखाली असतात. शेवटच्या तीन महिन्यांत गाडी चालवणं थांबवावंच, मागे बसणंही टाळावं. घर आणि ऑफिस दोन्ही मेट्रोच्या वनाझ–रामवाडी मार्गावर असतील तर तेवढं एक सुख.

यावर तोडगा बहुतेकदा रजा नसतो, वेळापत्रक असतं. ३२ व्या आठवड्यापासून आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम, गर्दीआधी निघता येईल अशी वेळ, कॅब दारापर्यंत. बाळंतपणाआधी घरून काम मिळणं हा कायद्याचा हक्क नाही, पण नुसतं तोंडी कुरकुरण्यापेक्षा डॉक्टरांची चिठ्ठी जोडून मागितलं तर मिळण्याची शक्यता बरीच वाढते. मात्र घरून काम म्हणजे विश्रांती नव्हे. घरी आहे म्हणून सासूबाईंच्या पाहुण्यांचा चहाही तिच्याच गळ्यात पडणार असेल तर ऑफिस बरं.

चाकण-भोसरीकडे लाईनवर उभं राहून काम करणाऱ्यांसाठी कायद्यात वेगळी सोय आहे आणि ती फार कमी जणींना माहीत असते. बाळंतपणाआधीच्या सहा आठवड्यांच्याही आधीचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांत रजा घेतली नसेल तर तेव्हाही, तुम्ही मागणी केल्यावर जड काम किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम मालकाला देता येत नाही. आणि त्यासाठी पगार कापता येत नाही.

माहेरी जायचंय, पण रजा ३८ व्या आठवड्यापासून

पहिलं बाळंतपण माहेरी, ही पद्धत अजून टिकून आहे. माहेर पुण्यातच, कसब्यात असेल तर प्रश्नच नाही. पण सोलापूर अडीचशे किलोमीटर, लातूर त्याहून लांब, साताऱ्याच्या वाटेवर खंबाटकी घाट. ३८ व्या आठवड्यात हा प्रवास करायचा म्हणजे टोलनाक्यावर कळा सुरू होण्याची तयारी ठेवायची.

माहेरी जायचं असेल तर ३४–३५ आठवड्यांच्या सुमारास पोहोचलेलं बरं, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना तुम्हाला दोन-तीनदा तपासायला मिळतं. एवढ्या लवकर रजा सुरू करायची नसेल तर माहेरून काम करायची परवानगी आधीच मागून ठेवा. पुण्याच्या डॉक्टरांकडून सगळी फाईल घ्या: सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, हिमोग्लोबिन, शुगरची चाचणी, आणि सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात नाव असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तिथलं हॉस्पिटल कॅशलेस आहे का आणि बाळंतपणाची मर्यादा किती, हेही निघण्याआधी विचारा. प्रवासाला डॉक्टरांचा होकार हवाच.

पुण्यातच राहणार असाल तर एक खास पुणेरी सूचना. तारीख गणपतीत किंवा पालखीच्या दिवसांत येत असेल आणि हॉस्पिटल पेठांच्या बाजूला असेल, तर कोणते रस्ते बंद असतील ते आधी बघून ठेवा. अनंत चतुर्दशीच्या रात्री लक्ष्मी रोडवरून गाडी नेता येत नाही, ॲम्ब्युलन्सलाही वळसा पडतो. १०८ नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

आजारपण रजेच्या खात्यात टाकणं

२८ व्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे आराम. अशा वेळी मॅटर्निटी लीव्हचा अर्ज टाकू नका. ती आठ आठवड्यांच्या आधी सुरूच होत नाही. आजारपणाची रजा घ्या. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजार झाला, बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं, तर २६ आठवड्यांवर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद कायद्यात आहे. त्यासाठी कागद लागतो, म्हणून डॉक्टरांना चिठ्ठीवर कारण स्पष्ट लिहायला सांगा. नुसतं "विश्रांतीचा सल्ला" लिहिलेल्या चिठ्ठ्या आमच्याकडे अडकतात, हे मी टेबलाच्या या बाजूने सांगते.

"आजचा दिवस भरून जाऊ"

रजा सोमवारपासून आहे, आज गुरुवार, एवढी दोन हँडओव्हर मीटिंग संपवू. इथे हिशेब बंद. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, तोंडावर-हातावर अचानक सूज, ३७ आठवड्यांच्या आधी ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, यातलं काहीही झालं तर लॅपटॉप तसाच ठेवून दवाखाना. मेल नवरा करेल.

अडलंच तर

"रविवार धरून २६ आठवडे, की कामाचे दिवस?" दर वर्षी कुणीतरी विचारतंच. रविवार धरून. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच हे स्पष्ट केलं आहे, आणि त्यामुळे पगारही रविवारसकट मिळतो.

नवीन नोकरी असेल तर ड्यू डेटच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. कंत्राटावर असाल आणि रजेच्या मध्येच कंत्राट संपत असेल, तर लाभ तिथे तुटत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. ज्यांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, म्हणजे पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांना पैसे कंपनी देत नाही, ईएसआय महामंडळ देतं. त्यांनी कागदपत्रं तिकडे वेळेत भरावीत. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे, त्यांना १८० दिवस.

मॅनेजर तोंडी "हो हो" म्हणाला तरी अर्ज लेखीच द्या: ड्यू डेट, रजा सुरू होण्याची तारीख, आणि एक ओळ, "प्रकृतीनुसार किंवा बाळंतपण आधी झाल्यास रजा त्या दिवसापासून धरावी." ही ओळ असली की बाळ दोन आठवडे आधी आलं तरी गोंधळ होत नाही. न वापरलेले आधीचे आठवडे आपोआप नंतर मिळतात. गरोदरपणाचं प्रमाणपत्र दिल्यावर आधीच्या काळाचा पगार आगाऊ मिळायला हवा, आणि बाळंतपणाचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत उरलेला. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. तसं पत्र आलंच तर सही करू नका, राजीनामा तर मुळीच देऊ नका. पत्राची आणि अर्जाची प्रत घेऊन नवऱ्याला किंवा भावाला कामगार आयुक्त कार्यालयात पाठवा. तेव्हा पोहोच असलेला अर्ज हाताशी हवा, म्हणून पहिल्याच दिवशी त्यावर शिक्का मारून घ्या किंवा तो मेलने पाठवा.