सॉफ्टवेअर न घेता धंद्याचं रोजचं काम रुळावर कसं आणायचं

छोट्या धंद्यात सगळं मालकाच्या डोक्यात असतं, आणि तो दोन दिवस आजारी पडला की कुणाला काही सापडत नाही. मग घाईघाईत सॉफ्टवेअर घेतलं जातं. मी पण घेतलेलं, तीन महिन्यांत त्यात कुणी एन्ट्रीच करेना. म्हणून आधी वही.

एक आठवडा फक्त लिहायचं: ऑर्डर कधी आली, काम कधी सुरू झालं, माल कधी गेला, मध्ये कशापायी अडलं. चारच रकाने. आठवड्याने वही उघडली की दिसतं, वेळ कामापेक्षा वाट बघण्यात जातोय आणि अडतंय ते बहुतेक एकदोन ठिकाणीच.

आमचं अडायचं पॅकिंगच्या खोक्यांवर. रोज ४० लागतात, मागवले की ५ दिवसांनी येतात, म्हणजे २००, वर दोन दिवसांचे ८० हाताशी, झाले २८०. एवढे उरले की ऑर्डर टाकायची. पण रोज मोजणार कोण? तर २८० खोके वेगळे बांधून मागे ठेवायचे, वर एक कार्ड, पुढचे संपून मागच्या गठ्ठ्याची दोरी सुटली की कार्ड टेबलावर, त्याच दिवशी ऑर्डर. टोयोटाच्या ताइइची ओनोंनी १९५० च्या दशकात कारखान्यात कार्डांची कानबान पद्धत बसवली ना, त्याचंच हे गरीब भावंड. अमेरिकन सुपरमार्केटात शेल्फवरून जेवढं उचललं तेवढंच परत भरतात, त्यावरून त्यांना ते सुचलेलं.

सगळ्या वस्तूंना हे करत बसू नका हां. ज्यांच्यात जास्त पैसा अडकतो किंवा ज्यांच्यावाचून काम बंद पडतं तेवढ्याच घ्या, स्टेपलरच्या पिनांचा मोठा डबा आणून ठेवला तरी चालतं.

कामांसाठी भिंतीवर फळा: करायचं, चालू, झालं. चालूमध्ये एका माणसाची दोनच कामं, तिसरं घ्यायचं तर आधी एक संपवायचं. सुरुवातीला सगळे कुरकुरतात.

चेकलिस्ट मात्र जो काम करतो त्यालाच लिहू द्या, मालकाने लिहिलेली नुसती भिंतीवर पिवळी पडते.

आणि कार्डावर, आकडा कधी ठरवला ती तारीख टाका. सप्लायर ५ ऐवजी ८ दिवस लावायला लागला तर २८० चे ४०० होतात, आणि जुना आकडा तसाच राहिला की खोके परत संपतात, आमचे संपलेच.