आपल्याच पानांवरचा नोफॉलो काढला

कोल्हापुरात चप्पल लाईनीत मामांचं दुकान आहे, त्याची वेबसाइट मी बघतो. कापशी, पुकरी चपलांची पानं गूगलवर येतच नव्हती. शेवटी मुख्य पानाचा कोड उघडला. आमच्याच आतल्या पानांच्या प्रत्येक लिंकमध्ये ‘रेल’पुढे (लिंकचं नातं सांगणारा कोडचा भाग) नोफॉलो, म्हणजे ‘या लिंकची शिफारस आम्ही करत नाही’ असं गूगलला सांगणारी खूण! २००५ मध्ये तो आला स्पॅम लिंकांना आळा घालायला. २०१९ पासून गूगल त्याला हुकूम न मानता संकेत मानतं, पण आपल्याच मालाबद्दल असा संकेत द्यायचाच कशाला? आतल्या लिंकांवरून तो काढला. पैसे घेऊन लावलेल्या जाहिरातींच्या लिंकांना ‘स्पॉन्सर्ड’, ग्राहकांच्या अभिप्रायांतल्या लिंकांना ‘यूजीसी’ (वापरणाऱ्यांनी लिहिलेला मजकूर) अशी खूण लावली. मग सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनातून पानं पुन्हा तपासायला दिली. तीन आठवड्यांनी मामांचा दुकानातून फोन, “आरं, कापशी दिसायला लागली की!”