गोधडी शिवायला घेण्याआधी
जळगाव-धुळ्याकडचं कडक ऊन गोधडीसाठी वरदान आहे. जुन्या सुती साड्या, धोतरं गरम पाण्यात धुऊन त्या उन्हात कडकडीत वाळवा. कापड आटायचं तेवढं आधीच आटतं, मग शिवलेली गोधडी धुतल्यावर आक्रसत नाही. टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं कापड, आत घालू नका. ते सुतीबरोबर आटत नाही आणि फुगे येतात. थर अंथरून मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढा, वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. मगच कडेपासून आत-आत धावदोरा. ओळ जरा वाकडी गेली तरी उसवू नका, हाताचं काम तसंच देखणं दिसतं. खरी मजा ठिगळांत! लाल चौकोन निळ्याशेजारी ठेवा, पिवळ्याशेजारी ठेवा, मनासारखं जुळल्यावरच टाचा. पहिली गोधडी तान्ह्या बाळाच्या मापाची घ्या.