जर्मनीत लहान मुलांना घेऊन येताय? पहिल्या वर्षाची घडी अशी बसवा

आम्ही श्टुटगार्टला आलो तेव्हा मुलगी सात वर्षांची होती, धाकटा तीन. आता दर उन्हाळ्यात ओळखीतलं एखादं कुटुंब नव्याने येतं आणि पहिल्याच फोनवर आई विचारते, "मुलांना जर्मन कसं शिकवू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. जर्मनचं नंतर बघा, आधी मुलांचा दिवस बसवा. सकाळी सोडणार कोण, आणणार कोण, डब्यात काय, संध्याकाळी घरात कोण असणार, आजीशी कधी बोलायचं, एवढं ठरलं की मूल शांत होतं. शांत झालेलं मूल भाषा आपसूक उचलतं. म्हणून खाली लिहिते ते सगळं दिवस बसवण्याबद्दल आहे.

निघण्यापूर्वी

लसीकरणाचं कार्ड चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या सामानात ठेवा. १ मार्च २०२० पासून इथे गोवराच्या लसीचा पुरावा दाखवल्याशिवाय किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, प्रवेश मिळत नाही. वर्षाच्या पुढच्या मुलाला किमान एक डोस आणि दोन वर्षांच्या पुढच्याला दोन डोस झालेले असावे लागतात. शाळाही हा पुरावा मागते. आपल्याकडच्या कार्डावर कित्येकदा तारीख पुसट असते किंवा नुसती बरोबरची खूण असते. तुमच्या डॉक्टरांकडून सगळ्या लसी तारखांसह इंग्रजीत लिहून, सही-शिक्का घेऊन या.

जन्मदाखल्यावरची आईवडिलांची नावं पासपोर्टवरच्या स्पेलिंगशी जुळतात का, हेही तिथे असतानाच बघा. आणखी एक गोष्ट खास आपल्या लोकांची. पासपोर्टवर मुलाच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असेल तर इथे ती दोन्ही मुलाचीच नावं समजली जातात. मग किटातल्या खुंटीवर वडिलांचं नाव आणि मूल ते वाचून गोंधळलेलं, असं व्हायला नको. कुठलाही फॉर्म भरताना हाक मारायचं नाव कोणतं, ते ठळक लिहा आणि तोंडीही सांगा.

पहिले दोन आठवडे

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, करायची असते. घरमालकाने सही केलेला राहण्याचा दाखला सोबत लागतो. मुलांचीही नोंद त्याच वेळी होते. त्या दिवशी आणखी एक काम उरकून टाका. पत्रपेटीवर आणि बेलवर आडनाव लावा. नवराबायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा. इथे टॅक्स नंबरपासून विम्याच्या कार्डापर्यंत सगळं टपालाने येतं आणि पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं.

मुलाचा टॅक्स नंबर आला की फामिलियनकासेकडे, म्हणजे मुलांचा भत्ता देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, किंडरगेल्डचा (मुलांच्या भत्त्याचा) अर्ज करा. २०२६ मध्ये ही रक्कम दर मुलामागे महिन्याला २५९ युरो आहे. मागचे पैसे फार तर सहा महिन्यांचे मिळतात, तेव्हा "सवड मिळाली की करू" म्हणून ठेवून देऊ नका.

आरोग्यविमा निवडताना पगारदार माणसाचा एकट्याचा विचार करू नका. सरकारी पद्धतीच्या विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता सामावली जातात. बालरोगतज्ज्ञ मात्र मूल आजारी पडायची वाट न बघता शोधा. बरेच दवाखाने नवे पेशंट घेत नाहीत, म्हणून घराजवळच्या प्रत्येकाकडे स्वतः जाऊन विचारा. एकदा नाव लागलं की वयानुसार ठरलेल्या तपासण्या सुरू होतात, त्यांची नोंद एका पिवळ्या वहीत होते. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टर लागले तर ११६११७ आणि जिवावरचा प्रसंग असेल तर ११२. हे दोन्ही नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

किटा: इथे घाई करू नका

१ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात जागा कमी आहेत, थांबावं लागतं. पत्ता ठरला की लगेच, जवळच्या सगळ्या किटांत अर्ज करा. फी राज्याराज्यात वेगळी असते. बर्लिनमध्ये ती माफ आहे, आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये भरावी लागते.

जागा मिळाली की आइनगेव्योनुंग सुरू होतं, म्हणजे मुलाला हळूहळू रुळवण्याचे आठवडे. बऱ्याच किटा बर्लिन पद्धत वापरतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत वर्गात तासभर बसतात आणि मुलाला घेऊनच घरी येतात. या तीन दिवसांत मुलाला एकटं सोडून बघतही नाहीत. चौथ्या दिवशी पहिल्यांदा निरोप घेऊन काही मिनिटं बाहेर थांबायचं. मूल कसं घेतंय ते बघून पुढे वेळ वाढवत नेतात. कुणाचं दोन आठवड्यांत होतं, कुणाला महिना लागतो. आपल्याकडे पहिल्या दिवशी रडणारं मूल बाईंच्या हातात देऊन निघायची सवय, त्यामुळे अनेकांना हे अती वाटतं. मला ही पद्धत मनापासून पटलेली आहे. देश, घर, भाषा, आजीआजोबा सगळं एका झटक्यात सुटलेल्या मुलाला एवढा वेळ मिळालाच पाहिजे. त्या आठवड्यांत दोघांपैकी एकाने नवी नोकरी किंवा भाषेचा क्लास धरू नये.

वर्गात बसल्यावर काय करायचं, हे कुणी नीट सांगत नाही. एका कोपऱ्यात, एकाच जागी बसा. मुलाला "जा ना, खेळ ना" म्हणून ढकलू नका, इतर मुलांशीही खेळायला जाऊ नका. मोबाइल पर्समध्ये राहू द्या. धाकटा आधी माझ्या गुडघ्याला चिकटून होता. मग समोरच्या ठोकळ्यांपर्यंत जाऊन एक निळा ठोकळा घेऊन परत आला, माझ्या हातात दिला, पुन्हा गेला. माझ्या मांडीत ठोकळ्यांचा ढीग झाला तेव्हा बाईंनी एक ठोकळा मागितला आणि त्याने तो त्यांना नेऊन दिला. त्या दिवसापासून तो त्यांच्याकडे जाऊ लागला. आई जागेवरून हलत नाही याची खात्री पटली की मूल स्वतःहून लांब जातं.

निरोप घेताना नजर चुकवून कधीच निघू नका. "मी जाते, तुझं खाऊन झालं की येते" असं त्याला कळेल अशा खुणेने सांगा आणि त्या वेळेला दारात हजर राहा. मूल रडलं तरी चालेल, शब्द मोडता कामा नये.

बाईंना एक कागद करून द्या. पाणी, भूक, शू, शी, झोप, दुखतंय, भीती वाटते, आई येणार. समोर जर्मन अर्थ आणि मराठी शब्द जर्मन वाचणाऱ्याला बरोबर उच्चारता येईल अशा स्पेलिंगमध्ये. आमच्या किटातल्या बाईंनी तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. धाकट्याला पहिल्यांदा "पाणी?" असं विचारलं गेलं तेव्हा तो त्यांच्याकडे बघतच राहिला.

काही मुलं किटात महिनोन्महिने बोलत नाहीत. नव्या भाषेत शिरताना हे होतं, ती सगळं ऐकत असतात. घरी मात्र मराठी पुरेपूर बोला. आपलं अर्धंकच्चं जर्मन मुलांना देण्यात काही अर्थ नाही. मराठीतही मूल अडतंय किंवा हाक ऐकू येत नाही असं वाटलं, तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना जरूर सांगा.

कपडे, डबा, आजारपण

पाऊस असो, थंडी असो, मुलं रोज बाहेर खेळतात. चिखलात खेळायची रबरी पँट, गमबूट, कानटोपी, वर्गात घालायच्या चपला, बदलायचा पूर्ण जोड, हे सगळं पहिल्या दिवसापासून लागतं आणि प्रत्येक वस्तूवर नाव लागतं. नवं घ्यायची गरज नाही. लहान मुलांच्या वस्तूंचे जुने बाजार वसंतात आणि शरदात भरतात, चांगलं सामान मिळतं. पावसात भिजून सर्दी होईल ही काळजी मनात येतेच, पण आपलं मूल एकटंच खिडकीत उभं राहिलं तर ते जास्त वाईट.

डबा थंडच खायचा असतो. गुंडाळलेला पराठा, छोट्या इडल्या, काकडी, सफरचंदाच्या फोडी उत्तम जातात. काही किटांत शेंगदाणे आणि सुकामेवा चालत नाही, तेव्हा चटणी आणि लाडू द्यायच्या आधी विचारा. शाकाहारी असाल तर नुसतं "मांस नको" एवढ्यावर थांबू नका. अंडं चालतं का, मासे चालतात का, जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून बनतं ते) असलेल्या गोळ्या चालतात का, हे लिहून द्या. वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या अस्वलाच्या आकाराच्या रंगीत गोळ्यांमध्ये बहुधा जिलेटिन असतं.

पहिल्या हिवाळ्यात मुलं सारखी आजारी पडतात. धीर धरा. सरकारी विमा असेल तर बारा वर्षांखालच्या मुलाच्या आजारपणासाठी नोकरदार पालकाला विम्यातून भरपाईसह रजा मिळते. २०२४ आणि २०२५ साली ती प्रत्येक पालकाला दर मुलामागे वर्षाला १५ दिवस होती. बाबांचे दिवस बाबांनी घ्यावेत. सगळी रजा आईनेच काढायची हे इथे गृहीत धरलेलं नाही, आपणही धरू नये.

मोठ्या मुलांची शाळा

प्राथमिक शाळा बहुतेक राज्यांत चौथीपर्यंत असते, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत. आमच्या राज्यात भाषा नवी असलेल्या मुलांसाठी तयारीचे वर्ग आहेत. एखादी इयत्ता खाली घालायला सुचवलं तर अपमान मानू नका. भाषा येत नसताना वयाने लहान मुलांमध्ये बसलेलं मूल लवकर मोकळं होतं.

शाळा बुडवून भारतात जाता येत नाही. शाळेत जाणं कायद्याने सक्तीचं आहे आणि सुट्टीबाहेरच्या दिवसांसाठी परवानगी लागते. तिकीट काढण्याआधी राज्याची सुट्ट्यांची यादी उघडा. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला आले, आमची उन्हाळी सुट्टी चालू होती. २०२६ ला ते १४ सप्टेंबरला आहेत, त्याच दिवशी आमच्याकडे शाळा उघडते.

शाळेतून आल्यावर मुलीला "आज काय केलं, कुणाशी बोललीस?" असं विचारलं की ती गप्प व्हायची. दिवसभर परकी भाषा ऐकून मूल दमलेलं असतं. आता मी दार उघडते, खायला देते आणि अर्धा तास काही विचारत नाही. मग रात्री केस विंचरताना सगळं बाहेर येतं, कोण हसलं, कुणी बाकावर जागा दिली. तुमच्या घरात ती वेळ वेगळी असेल, ती हेरून ठेवा आणि त्या वेळी हातात फोन नको.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. मुलांवर हात उचलणं इथे कायद्यात बसत नाही. मारहाणीशिवाय वाढण्याचा हक्क मुलांना २००० सालापासून कायद्यानेच दिलेला आहे. "एक धपाटा दिला तर काय झालं" हे वाक्य विमानात बसण्याआधीच सोडून द्या. परक्या देशात मुलाला घराइतकी सुरक्षित जागा दुसरी कुठलीच नसते.

आजी-आजोबा

भारताची वेळ हिवाळ्यात साडेचार तास पुढे असते, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं बदलतात, ते आजीला आधी कळवा. नाहीतर ती बिचारी तासभर फोन घेऊन बसून राहते. हिवाळ्यात इथे चार वाजता मूल घरी येतं तेव्हा तिथे साडेआठ झालेले असतात, जेवणं उरकत आलेली असतात. ती वेळ चांगली. नुसत्या "जेवलास का?" वर मुलं पळून जातात. एकाच मराठी गोष्टीच्या पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक तिथे, एक इथे. आजी वाचते, मूल आपल्या प्रतीत पान उलटतं आणि तिच्या आधी चित्र सांगतं. आमच्या मुलीचं देवनागरी वाचन यातूनच टिकलं.

त्यांना बोलवायचं तर मूल किटात रुळल्यानंतर बोलवा. रुळण्याच्या आठवड्यांत आजी घरी असेल तर मूल दार सोडणार नाही. भेटीच्या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो. आजोबा आले आणि किटातून नातवाला आणायची हौस असली, तर मुलाला न्यायला येणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव आदल्या दिवशीच लिहून द्या आणि पहिल्या खेपेला पासपोर्ट खिशात ठेवायला सांगा. यादीत नाव नसेल तर मूल "आबा!" म्हणून धावत गेलं तरी बाई त्याला सोडत नाहीत.