शहरालगतच्या पोलिश खेड्याचा इतिहास कसा शोधावा

पोलंडमधील खेड्याचा इतिहास लिहिताना ते केव्हा वसले यापेक्षा 1918 पूर्वी ते कोणाच्या राज्यात होते, हे आधी निश्चित करावे. 1772, 1793 आणि 1795 या तीन फाळण्यांत देश प्रशिया, रशिया व ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतला, आणि दप्तराची भाषा व ठेवण त्यानुसार बदलली. रशियन भागातील जन्ममृत्यूच्या नोंदी 1868 पासून रशियन भाषेत आहेत, तर गॅलिशियातील, म्हणजे ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या भागातील, चर्चच्या नोंदवह्या प्रामुख्याने लॅटिनमध्ये.

ब्येल्स्को-ब्यावा शहरालगतचे कोझी हे गाव उदाहरणादाखल घेऊ. नावाचा अर्थ ‘शेळ्या’, आणि 1326 च्या चर्च-कराच्या नोंदीत ते ‘दुआबुस काप्रिस’, म्हणजे ‘दोन शेळ्या’, या लॅटिन रूपात येते. या सालाला स्थापनेचे साल समजू नये. कर भरणारे गाव त्याआधीच वसलेले असते. पुढे 1772 मध्ये ते ऑस्ट्रियाकडे गेले.

गॅलिशियातील गाव असेल तर घरक्रमांकाचा रकाना सोडू नये. 1784 च्या आदेशानंतर पाद्री जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदींत घरक्रमांकही लिहू लागले. दर दहा वर्षांतील सर्वांत मोठा क्रमांक टिपून ठेवला, की गावाची वाढ बऱ्यापैकी दिसते. अर्थात मधल्या काळात घरांना नव्याने क्रमांक दिले गेले असल्यास हिशेब फसतो, म्हणून तीच कुटुंबे जुन्या क्रमांकांवर आहेत का, हे ताडून पाहावे. 1817 च्या फर्मानातून सुरू झालेल्या जमीनमोजणीचे नकाशे मिळाले, तर शेतांच्या अरुंद पट्ट्यांवरून वाटण्याही कळतात. वेठबिगारी 1848 मध्ये संपल्यानंतरच्या नोंदींत मालकी बदललेली दिसेल.

यानंतर शहराची ओढ तपासावी. कोझीवरून जाणारा रेल्वेमार्ग 1888 मध्ये सुरू झाला, आणि जवळच्या शहरात कापडगिरण्या होत्या. म्हणून त्या सालाच्या अलीकडील व पलीकडील विवाहनोंदींतील व्यवसाय शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

अलीकडच्या आकड्यांसाठी 2002, 2011 व 2021 च्या जनगणना सांख्यिकी कार्यालयाच्या स्थानिक माहितीकोशात पाहाव्यात, मात्र तुलनेआधी हद्द तपासावी. कोझी आजही 12 हजारांहून अधिक वस्तीचे स्वतंत्र खेडे आहे. याउलट क्राकूव्हजवळचे मोगिवा 1951 मध्ये शहरात सामील झाल्यामुळे त्यानंतर खेड्यांच्या तक्त्यांत सापडणार नाही, आणि ते ओस पडले असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.